अंदमान, पाच रात्री, सोबत आई आणि आठ वर्षांचा मुलगा. एरंडोलहून पहिल्यांदाच जातोय, प्लॅन बघून सांगा

काळीमाती_एरंडोल
राम राम मंडळी. जानेवारीच्या शेवटी कापूस विकून झाला की आठवडाभर मोकळं होता येईल असं दिसतंय, चुलतभाऊ शेताकडे बघायला तयार आहे, म्हणून यावेळी जायचंच असं ठरवलंय. आम्ही चौघं, मी, बायको, मुलगा आणि आई. आईचं वय सत्तरच्या पुढे, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे पण हिंडायची हौस भरपूर. चौघांपैकी कोणीच अजून समुद्र बघितलेला नाही, आमचं पाणी म्हणजे गिरणा आणि तापी. आई कितीतरी वर्षांपासून म्हणते, माले एकदाव समुद्र देखना शे, आणि तिला सावरकरांची कोठडी पण बघायची आहे, वडील होते तेव्हा ते घरात नेहमी त्याबद्दल बोलायचे. म्हणून गोवा वगैरे सोडून अंदमानच धरलं.

एजंटने पाच रात्रींचा प्लॅन दिलाय तो असा की पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर आणि तिथली सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी बाराटांगच्या गुहा, तिसऱ्या दिवशी हॅवलॉक बेट, तिथे एक रात्र, मग नील बेटावर एक रात्र, परत हॅवलॉक, आणि शेवटच्या दिवशी सकाळी हॅवलॉकला स्कूबा (पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात खाली जाणं) करून बोटीने पोर्ट ब्लेअर आणि तिथून दुपारची फ्लाइट. मला हे फार घाईचं वाटतंय पण एजंट म्हणतो सगळे असंच करतात. दुसरं म्हणजे जळगावहून जायचं कसं, आईला बोट सोसेल का, आणि भाकरी नाही तर निदान पोळी मिळते का तिकडे. जे जाऊन आलेत त्यांनी जरा मोकळेपणाने सांगा.

धुळे_गल्ली४
भाऊ, आधी चांगली गोष्ट सांगतो, महिना एकदम बरोबर निवडलाय. आपण शेतकरी माणसं दर मे महिन्यात मान्सून अंदमानात आला का म्हणून बातम्या बघत बसतो, तर मे ते सप्टेंबर तिकडे धो धो असतं, आणि ऑक्टोबर नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं होतात तेव्हा बोटी बंद पडतात. दिवाळीच्या सुटीत जाणारे बरेच जण असेच अडकतात. जानेवारी ते मार्च समुद्र त्यातल्या त्यात शांत, पाणी स्वच्छ.

आता प्लॅन. बाराटांग काढून टाका, मी हे फार मनापासून सांगतोय. त्या दिवशी पहाटे तीन साडेतीनला हॉटेल सोडावं लागतं, कारण जिरकाटांगच्या गेटवरून गाड्या ताफ्याने ठरलेल्या वेळीच सोडतात, पहिला ताफा सकाळी सहाच्या सुमारास. मग जंगलातून जवळपास पन्नास किलोमीटर, मग फेरीबोटीने खाडी ओलांडायची, मग स्पीडबोट, आणि त्यानंतर गुहेपर्यंत उन्हात चालायचं, वाट खडकाळ. ज्या बाईचे गुडघे दुखतात तिला हे कशाला. शिवाय तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, तिथे थांबणं, फोटो काढणं, खायला देणं हा गुन्हा आहे, आणि तरी गाडीतले लोक काचेला नाक लावून ते दिसतात का बघत बसतात, माणसांना असं बघायला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जो माणूस पहिल्यांदा समुद्र बघायला चाललाय त्याने पाचातला एक अख्खा दिवस गाडीत घालवायचा हे मला पटतच नाही.

दुसरं, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच पाहिजे, यात तडजोड नको. हॅवलॉकहून बोट रद्द झाली तर, आणि हवा बिघडली की होतेच, तुमचं विमान निघून जातं आणि चार जणांची नवीन तिकिटं ऐन वेळी काय भावाने मिळतील याचा विचार करा. आमच्या ग्रुपमधलं एक कुटुंब असंच अडकलं होतं, बोट कंपनीने बोटीचे पैसे परत दिले पण विमानाचे कोण देणार. आणि स्कूबा करून त्याच दिवशी विमानात बसायचं हे तर एजंटने लिहायलाच नको होतं. पाण्याखाली दाबामुळे शरीरात नायट्रोजन मुरतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो, लगेच उंचावर गेलं की त्याचे बुडबुडे होतात. एका डाइव्हनंतर निदान बारा तास, आणि अठरा ते चोवीस ठेवले तर उत्तम. एवढी साधी गोष्ट ज्याला माहीत नाही त्याच्याकडे बुकिंग करायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

अमळनेरची_लेक
दादा, माझे मिस्टर नेव्हीत होते, आम्ही पोर्ट ब्लेअरला राहिलोय म्हणून लिहिते. वरच्या दादांनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे. आधी नावांचं बघा, २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. तिकिटावर कुठे नवीन, कुठे जुनं नाव दिसेल, गोंधळून जाऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं जे पहिल्यांदा जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही ते म्हणजे उजेड. घड्याळ आपलंच आहे पण अंदमान इतकं पूर्वेला आहे की जानेवारीत सकाळी पावणेसहाला सूर्य वर आणि संध्याकाळी सव्वापाच साडेपाचला खाली, सहाला पूर्ण अंधार. आपल्याकडे त्या दिवसांत सात वाजल्याशिवाय ऊन येत नाही. म्हणजे तुम्ही इथल्या सवयीने आठला उठून नाश्ता करून साडेदहाला बाहेर पडलात तर अर्धा दिवस गेला. पाचला उठायचं, सहाला पाण्यावर, अकराला खोलीत परत, दुपारी झोप, तीनला पुन्हा बाहेर. आईंना तर हे सोपं जाईल, आपल्याकडच्या बायका तशाही पहाटेच उठतात.

हॅवलॉकवर राधानगर बीच सूर्यास्तासाठी, ते पश्चिमेला आहे, दुपारी साडेतीनलाच पोहोचा. वाळू घट्ट आणि उतार अगदी हळू आहे, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला हात धरून घोटाभर पाण्यात सहज उभं करता येतं. पाणी आधी हिरवट मग निळं होत जातं आणि लाट पायावरून परत जाताना तळव्याखालची वाळू सरकते, पहिल्यांदा त्याने माणूस घाबरतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी धरा. मुलाला मात्र लाइफगार्ड असतील तेवढ्याच भागात सोडा, खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिकडे आहेत, पाट्या लावलेल्या असतात त्या खरोखर वाचायच्या. सूर्योदयासाठी काला पत्थर, ते पूर्वेला.

जेलबद्दल. १८९६ ला बांधायला घेतलं, १९०६ ला पूर्ण झालं, मधल्या बुरुजापासून सात लांब इमारती निघत होत्या, आता तीनच उरल्यात. सावरकरांना १९११ मध्ये आणलं आणि १९२१ पर्यंत ते तिथे होते, बाबाराव पण तिथेच, पण कितीतरी दिवस दोघा भावांना एकमेकांचा पत्ता नव्हता. कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर टोकाला आहे, जिने चढावे लागतील, म्हणून आईंना सकाळी उघडल्या उघडल्या न्या, गर्दी नसते, प्रत्येक मजल्यावर बसवत बसवत न्या. खाली कोलूचा म्हणजे तेलाच्या घाण्याचा नमुना ठेवलाय, माणसाला जुंपून रोज तीस पौंड खोबरेल काढायला लावायचे, ते मुलाला नीट समजावून सांगा. संध्याकाळी लाइट अँड साउंड शो असतो, हिंदीतला बघा, आणि तिकीट आधी काढून ठेवा. हे सगळं एकाच दिवसात कोंबू नका, शो पहिल्या संध्याकाळी आणि जेल शेवटच्या दिवसांत सकाळी असं ठेवलं तर आईंना जास्त झेपेल.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. बंगाली, तमिळ, तेलुगू, सगळे लोक वसलेत, बोलतात हिंदी. पोळी भाजी मिळते, डाळ भात मिळतो, शाकाहारी हॉटेलं पण आहेत. शेवभाजी नाही मिळणार, म्हणून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थोडी कोरडी शेव घेऊन जा, बोटीच्या दिवशी फार उपयोगी पडते.

तळोद्याचा_पाव्हणा
मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका. पाच रात्रींसाठी एवढा प्रवास आणि एवढा खर्च, त्यापेक्षा भुसावळहून मंगला एक्सप्रेस पकडा, रत्नागिरीला उतरा किंवा तसंच पुढे मडगावला जा, मालवण तारकर्लीला पण मंगलाने कोकणातल्या स्टेशनवर उतरून जाता येतं. सिंधुदुर्ग किल्ला आईंना दाखवा, घरगुती मुक्काम मिळतात, भाषा आपली, आजारी पडलं तर डॉक्टर जवळ. पहिला समुद्र म्हणून कोकण काही कमी नाही.

काळीमाती_एरंडोल
पाव्हणं, बरोबर आहे तुमचं, खर्चाचा विचार आम्ही पण केला. पण आईला जेल बघायची आहे, आणि अजून दोन वर्षांनी तिचे गुडघे तो जिना चढतील की नाही ते सांगता येत नाही, म्हणून जे करायचं ते यंदा. कोकण आपल्या हातातलं आहे, पुढच्या वर्षी तिला घेऊन तिकडे जाऊ.
बाराटांग काढलं. लेक ताई, तुम्ही उजेडाचं सांगितलं ते एजंटने शब्दाने सांगितलं नव्हतं. आता जायचं कसं तेवढं सांगा कोणीतरी, आणि बोटीचं.

भुसावळ_जंक्शन
नवजीवन एक्सप्रेस आहे ना भाऊ, अहमदाबाद चेन्नई, जळगावलाच बसा. चेन्नईला पोहोचायला साधारण एक दिवस लागतो. चेन्नई सेंट्रलहून मेट्रो थेट एअरपोर्टला जाते, सामान घेऊन रिक्षा टॅक्सीची घासाघीस करत बसायची गरज नाही. पण त्याच दिवशीचं विमान काढू नका, गाडी लेट झाली की सगळं कोसळतं, चेन्नईत एअरपोर्टजवळ एक रात्र काढा आणि सकाळच्या विमानाने निघा, दोन सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर. उजव्या डाव्या कुठल्याही खिडकीतून उतरताना बेटं दिसतात, ती जागा मुलाला द्या. परतीला पण तसंच, विमान आणि नवजीवन यांच्यात अंतर ठेवा. जळगाव विमानतळावरून हैदराबादला छोटं विमान असतं आणि हैदराबादहून पोर्ट ब्लेअरला पण विमान जातं, तारखा जुळल्या तर आईंचा रेल्वेचा एक अख्खा दिवस वाचेल, ते आधी बघून घ्या. चेन्नईहून जहाज पण जातं पण त्याला जायलाच तीन दिवस लागतात, तुमच्या कामाचं नाही.

अमळनेरची_लेक
बोटीचं मी सांगते. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खाजगी एसी बोट दीड दोन तास, सरकारी बोट स्वस्त पण वेळ जास्त आणि तिकीट मिळणं कठीण. खाजगीचं तिकीट माणशी दीड दोन हजारांच्या घरात धरून चाला, तुमची तारीख पक्की झाली की लगेच काढा. सकाळची पहिली बोट घ्या, दुपारनंतर वारा वाढतो. आईंना मधल्या भागात खालच्या मजल्यावर बसवा, तिथे बोट कमी हलते, आणि नजर लांब क्षितिजावर ठेवायला सांगा, मोबाइल नाही. उलटीची गोळी तुमच्या डॉक्टरांनाच विचारून न्या, बीपीच्या गोळीबरोबर चालेल का ते तेच सांगतील, आणि घ्यायची ती बोटीत बसण्याआधी तासभर, मळमळ सुरू झाल्यावर नाही. पोटात काही नसलं तर जास्त त्रास होतो, म्हणून दशमी म्हटलं.

नील मात्र सोडू नका. तुम्ही शेतकरी आहात म्हणून मुद्दाम सांगते, बेट छोटंसं आहे, निम्मं शेतीचं, फाळणीनंतर आलेल्या बंगाली कुटुंबांनी तिथे भाजीपाला पिकवलाय आणि पोर्ट ब्लेअरच्या बाजारात तिथली भाजी येते. भरतपूर बीचला पाणी उथळ, काचेच्या तळाच्या बोटीतून आईंना प्रवाळ बसल्या जागी बघता येईल, त्यांना पाण्यात उतरायची पण गरज नाही. नैसर्गिक पूल, म्हणजे खडकाची कमान, मात्र ओहोटीलाच बघता येतो आणि वाट दगडांची आहे, आईंनी काठावर बसावं, तुम्ही जाऊन या. ओहोटीची वेळ आदल्या रात्री हॉटेलवाल्याला विचारायची.

धुळे_गल्ली४
मुलाचं राहिलं. स्कूबाला वय निदान दहा लागतं, आठ वर्षांच्या मुलाला कोणी नेतो म्हणाला तर नाही म्हणा. हॅवलॉकच्या एलिफंट बीचला ट्यूब धरून स्नॉर्कलिंग, म्हणजे पाण्यावर तरंगत खाली बघणं, करता येतं, शंभर मासे डोळ्यासमोरून जातात, पोरं वेडी होतात. तुम्हा नवराबायकोला स्कूबा करायचं असेल तर हॅवलॉकच्या दुसऱ्या दिवशी सकाळी करा, पोहता आलं नाही तरी चालतं, पण दमा किंवा कानाचा त्रास असेल तर फॉर्मवर खरं लिहा. आणि शंख, प्रवाळाचा तुकडा, काहीही किनाऱ्यावरून उचलून बॅगेत टाकायचं नाही, कायद्याने बंदी आहे, विमानतळावर बॅग तपासतात. मुलाला आधीच सांगून ठेवा.

काळीमाती_एरंडोल
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरवलंय, पहिली रात्र पोर्ट ब्लेअर आणि शो, मग हॅवलॉक दोन रात्री, नील एक, शेवटची परत पोर्ट ब्लेअर, आणि नीलहून सकाळच्या बोटीने आलो तर त्याच दिवशी दुपारी आराम करून उशिरा बाजार, दुसऱ्या दिवशी विमान दुपारचं मिळालं तर सकाळी जेल. एजंटला हेच लिहून पाठवलंय, नाही म्हणाला तर स्वतः बुक करतो. दोन शेवटचे प्रश्न, आईला चप्पल कोणती घेऊ आणि रोख पैसे किती ठेवू.

अमळनेरची_लेक
चप्पल मागे पट्टा असलेली, रबरी तळव्याची, प्रवाळाने पाय कापतो. नवीन असेल तर आठ दिवस आधीपासून घरात घालायला द्या. यूपीआय पोर्ट ब्लेअरला सगळीकडे चालतं, २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकल्यापासून नेट पुष्कळ सुधारलंय, पण हॅवलॉक नीलला रेंज मध्येच जाते, म्हणून दोन्ही बेटांवरचा रिक्षा, जेवण आणि छोट्या बोटींचा खर्च रोखीत जवळ ठेवा आणि तो पोर्ट ब्लेअरच्या एटीएममधूनच काढून घ्या. चौघांचे आधार कार्ड ओरिजिनल, मुलाचं पण, बोटीवर चढताना बघतात. जेलला साप्ताहिक सुटी कधी आहे ते विमानाचं तिकीट काढायच्या आधी बघा, नाहीतर शेवटची सकाळ नेमकी त्याच दिवशी यायची.