घरचा बर्फाचा गोळा, घरच्या फळांचा पाक : तुमचे अनुभव लिहा

गाडीवरच्या गोळ्याने धाकटीचा घसा धरतो, म्हणून यंदा घरीच करायला घेतला. मिक्सरमधून बर्फ काढला तर खडे आणि पाणी, काडीवर टिकेचना. हाताने फिरवायचं यंत्र आणलं, तेव्हा जमला. पाक मात्र ओतला की सरळ वाटीच्या तळाशी जातो. तुम्ही कसा करता?

—

पाक कोमट असताना ओतत असाल. आधी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. आमच्या रत्नागिरीकडे रतांब्यांचाच, म्हणजे कोकमाच्या फळांचाच करतात. फळं अर्धी कापून, बिया काढून, त्यात साखर भरायची आणि बरणी आठवडाभर उन्हात. पाण्याचा थेंब नाही. सुटतो तो रस इतका दाट असतो की बर्फावर हळूहळू मुरतो. आगळ, म्हणजे कोकमाचा टिकवलेला रस, वापरू नका, त्यात मीठ असतं.

—

काला खट्टा घरी करून बघाच. अर्धा किलो जांभळं थोड्या पाण्यात बियांसकट शिजवायची, हाताने कुस्करून गाळायची. बिया मिक्सरमध्ये गेल्या तर सगळं तुरट होतं, माझी एक पूर्ण खेप वाया गेली आहे. गाळलेल्या रसात चारशे ग्रॅम साखर घालून आटवायचा, गार झाल्यावर लिंबू, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. बाटलीतल्या रंगाला ही चव येत नाही.

—

आम्ही जपानमध्ये राहतो. इथे उन्हाळ्यात दुकानांबाहेर 'बर्फ' असं लाल अक्षर लिहिलेले झेंडे लागतात, आत काकीगोरी, म्हणजे इथला किसलेल्या बर्फाचा गोळा. चांगले दुकानदार बर्फ फ्रीजरमधून काढून लगेच किसत नाहीत. वरचं पांढुरकं धुकं जाऊन तो काचेसारखा दिसेपर्यंत थांबतात. मग कीस पिसासारखा उतरतो. घरी दहा मिनिटं थांबून बघितलं, खरंच फरक पडतो.

—

आमच्या शाळेबाहेरचे काका उलट्या रंध्यावर बर्फ घासायचे, हाताखाली फडकं. तो खर्र आवाज आला की मधली सुट्टी झाली असं वाटायचं. पाक कसला होता कुणास ठाऊक, पण दुसऱ्यांदा ओतून घ्यायला पैसे लागत नसत.

—

धागाकर्ती : बर्फ थांबवून, पाक गार करून बघितला. शेवटच्या चमच्यापर्यंत रंग वरच राहिला! आता कैरीचा करायचाय. उकडून की किसून?

—

उकडून. आणि वेलची अगदी चिमूटभर.