डोळ्यांपुढे काजवे, नागमोडी रेघा, काळे ठिपके... तुम्हाला कधी असं झालंय?

निशिगंध
काल रात्री लेक अभ्यास करता करता उठून आली. "आई, ओळीतले मधलेच शब्द दिसत नाहीयेत, कडेला काहीतरी लुकलुकतंय." बारावीचं वर्ष, त्यात दुपारचा डबा तसाच परत आणलेला. तिचा चेहरा पाहिला आणि मी थेट १९९६ च्या डेक्कनच्या बसस्टॉपवर जाऊन पोचले. पीएमटी समोर थांबली आणि पाटीवर नुसतंच 'स्वार'. 'गेट' नाहीच! कंडक्टरकडे बघितलं तर त्याचाही अर्धा चेहरा नाही. मग त्या रिकाम्या जागेच्या कडेने चमचमती नागमोडी रेघ उगवली, किल्ल्याच्या तटावरच्या कंगोऱ्यांसारखी, आणि मोठी होत होत उजवीकडून निघून गेली. वीसेक मिनिटं चाललं. मग अर्धं डोकं असं ठणकलं की घरी पोचताच उलटी. आईने सुंठ उगाळून लावली, पित्त म्हणाली. आजीने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मी मात्र आपण आंधळ्या होणार या भीतीने दोन वर्षं पुन्हा कुणाला काही सांगितलंच नाही. लेकीने पहिल्याच दिवशी सांगितलं, फार बरं वाटलं. उद्या दाखवणार आहोत. तुमचे अनुभव लिहा ना.

रानजाई
सेम! फक्त माझं डोकं कधीच दुखत नाही. नुसती नागमोडी, अर्धा तास, संपलं. डॉक्टर म्हणाले डोकं न दुखताही अर्धशिशीचा हा भाग येऊ शकतो. कुकर झालाय, नंतर लिहिते

भिंगवाली
निशिगंधताई, मी चष्म्याचे नंबर काढते, गेली १४ वर्षं. असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, एकेक डोळा झाकून पाहिलंत का? नागमोडी रेघ दोन्ही डोळ्यांना दिसत असेल तर ती बहुतेक मेंदूतून येतेय, डोळ्यातून नाही. मेंदूच्या मागच्या भागावरून एक लाट सरकते, मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर. लॅशली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्याच रेघा मोजून १९४१ मध्ये हा वेग काढला होता. आणि तुम्ही लिहिलेले ते तटाचे कंगोरे! ह्यूबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरने १८७० मध्ये स्वतःला दिसलेल्या अशाच रेघांची चित्रं काढली आणि त्यांना जे ग्रीक नाव दिलं त्यात तटबंदीच आहे. अंगावर काटा आला वाचून.
पण एकाच डोळ्यात काही झालं तर थांबू नका.

मुठाकाठ
हे शेवटचं वाक्य मला चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर. बाबा तेव्हा ६१. गणपतीचे दिवस. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं होतंय म्हणाले, दुसऱ्या दिवशी चहापत्ती सांडावी तसे काळे ठिपके. मी म्हणालो, विसर्जन होऊ दे, मग दाखवू. मीच म्हणालो. तिसऱ्या दिवशी खालून काळा पडदा वर यायला लागला. वयाबरोबर डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ आक्रसतो, बहुतेकांना त्याने काही होत नाही, पण बाबांच्या वेळी त्याने रेटिना, म्हणजे डोळ्याचा आतला पडदा, ओढून फाडला होता. नुसती फाट असताना गेलो असतो तर लेझरवर भागण्याची शक्यता होती. रेटिना सुटल्यावर मोठं ऑपरेशन, डोळ्यात गॅसचा बुडबुडा, कितीतरी दिवस पालथं झोपायचं, गॅस विरेपर्यंत विमान बंद. जेवायलासुद्धा मान खाली. आई ताटाखाली पाट सरकवून द्यायची. वाचता येतं आता, पण त्या डोळ्याला सरळ रेघ वाकडी दिसते. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत.

रानजाई
मुठाकाठ, तुम्हाला माहीत नव्हतं हो. नका लावून घेऊ. बाबांना नमस्कार सांगा

पाषाणकर_आजोबा
मला पर्वती उतरताना उजव्या डोळ्यापुढे अंधार आला होता. पाच मिनिटांत पूर्ववत. मी घरी जाऊन झोपणार होतो, सूनबाईंनी ऐकलं नाही, तसंच दवाखान्यात नेलं. मानेच्या धमनीत अडथळा निघाला. पक्षाघाताची पूर्वसूचना होती. सूनबाईंमुळे आज हे लिहितो आहे.

कॅरमकिंग
सिंहगडावर निळ्या आकाशाकडे बघितलं की पांढरे बारीक ठिपके सळसळताना दिसतात, ते पण डेंजर का??

भिंगवाली
नाही रे, त्या तुझ्याच पांढऱ्या पेशी, रेटिनाच्या केशवाहिन्यांतून जाणाऱ्या. तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषतात, पांढऱ्या तो जाऊ देतात. सगळ्यांना दिसतात. खुशाल बघ.

शेवंती
यांना टीबीच्या गोळ्या चालू होत्या. एक दिवस म्हणाले सिग्नलचा लाल फिका का दिसतोय. त्या गोळ्यांतल्या इथॅम्ब्युटॉलने होऊ शकतं. डॉक्टरांनी लगेच गोळी बदलली, रंग हळूहळू परत आले. बाकीचा कोर्स पुरा केला, स्वतःहून काहीच बंद केलं नाही

ओसरी
आमच्या आजी ८६ वर्षांच्या, मोतीबिंदू आणि रेटिना दोन्हींचा त्रास. गेल्या दिवाळीपासून खिडकीत जरीचे परकर घातलेल्या मुली दिसतात. आम्ही घाबरलो, आत्या तर शांत करायची म्हणत होती. आजी मात्र ठाम, "त्या खऱ्या नाहीत हे कळतं गं मला. बोलत नाहीत त्या. नुसत्या बसतात." डॉक्टरांनी शार्ल बोने सिंड्रोम असं नाव सांगितलं. डोळ्यांकडून येणारं चित्र कमी झालं की मेंदू स्वतःच चित्रं रचतो. जिनिव्हाच्या बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं, त्यांना माणसं, पक्षी, गाड्या दिसायच्या. वेड नाही हे ऐकून आजी पहिल्यांदा रडल्या. इतके महिने एकट्याच घाबरत होत्या.

रानजाई
ओसरी 😢 आजींना घट्ट मिठी

कॅरमकिंग
तपासणीला दुचाकी नेऊ का? लक्ष्मी रोडला पार्किंग मिळत नाही

शेवंती
अजिबात नको. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की काही तास सगळं भगभगतं. रिक्षाने जा, सोबत कुणीतरी घे

निशिगंध
जाऊन आलो. डोळे उत्तम, अर्धशिशीच. जेवण चुकवायचं नाही, झोप पुरी घ्यायची, आणि केव्हा काय झालं ते वहीत लिहायचं. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, अशी रेघ दिसणाऱ्या बाईने पुढे इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, पक्षाघाताचा धोका वाढतो. मला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं. मुठाकाठ, तुमचं लिहिलेलं नवऱ्याला वाचून दाखवलं. ओसरी, आज कोण आलं होतं आजींकडे?

ओसरी
आज मुली नाहीत. दोन कबुतरं आणि एक टांगा. टांगा रिकामा होता म्हणाल्या.