मायांच्या सिनेमातल्या ‘सॅक्रिफाइस’ला मराठीत काय म्हणायचं?

जास्वंद: आमच्या सिनेमा मंडळात मध्य अमेरिकेतल्या माया लोकांवर कार्यक्रम आहे, २००६ चा अपोकॅलिप्टो आणि २०१५ चा इक्सकानुल यातले तुकडे आणि मधे काही शिल्पांचे फोटो, मराठी सबटायटल्स माझ्याकडे आलीयत. पिरॅमिडवर काळीज काढतात तिथे नरबळी लिहिलं, तो प्रश्नच नाही. अडलंय ते याश्चिलान या जुन्या माया शहरातल्या शिल्पापाशी. इ.स. ७०९ चा विधी आहे, राणी स्वतःच्या जिभेतून काटेरी दोर ओढतेय, राजा मशाल धरून उभा. इंग्रजीत तिथेही सॅक्रिफाइसच. मी ‘रक्ताचा बळी’ लिहिलं तर मंडळातले एक काका म्हणाले, बळी म्हणजे जीव जायलाच हवा. पण आमची आजी कावळ्याला भात ठेवायची त्याला काकबळी म्हणायची, तिथे कोण मरतं?

तिठा: आजीचं बरोबर आहे. बलि म्हणजे मुळात द्यायचा वाटा, कर. अशोकाच्या लुंबिनीच्या लेखात गाव ‘उबलिके’ केलं असं आहे, म्हणजे बलि माफ. माझ्या मते बलुतंसुद्धा यातूनच आलंय. ‘बळी’च ठेवा, चांगला शब्द लोकांना कळत नाही म्हणून टाकायचा का?

दगडफूल: बलुत्याचं ओढूनताणून वाटतंय. आणि तिठा, सबटायटल दोन सेकंद दिसतं हो, तेवढ्यात अशोक कुणाला आठवणार? बळी वाचलं की बोकडच डोळ्यापुढे येतो. ‘देवाला रक्त वाहिलं’ लिहा, फुलं वाहतो तसं.

पाटीपेन्सिल: ‘रक्त वाहिलं’ म्हणजे भळाभळा वाहिलं असंच वाचतील सगळे!! पोपोल वूह या मायांच्या पुराणग्रंथात देवांनी माणूस आधी मातीचा केला, मग लाकडाचा, आणि शेवटी मक्याच्या पिठाचा केला तेव्हा कुठे जमला, कारण त्यांना आपली आठवण ठेवणारं, खाऊ घालणारं कुणीतरी हवं होतं. म्हणजे हे देणं आहे. ‘रक्ताने देणं फेडणं’ कसं वाटतं? नवस नको, नवसात आधी अट असते.

जास्वंद: ‘देणं’ आवडलं. पण काका ‘रक्तार्पण’वर अडून बसलेत.

दगडफूल: रक्तार्पण म्हणजे रक्तपेढीचं शिबिर वाटतं. बाकी मला त्याहून जास्त खटकतं ते ‘टोळी’. अपोकॅलिप्टोची सुरुवातच टॅपिरच्या, म्हणजे डुकरासारख्या एका रानप्राण्याच्या, शिकारीने होते आणि जंगलातली माणसं म्हणून आपण लगेच टोळी लिहून मोकळे होतो. अहो हे मका, घेवडा, भोपळा एकत्र लावणारे शेतकरी, स्वतःची लिपी असलेले! शिवाय शेवटी स्पॅनिश जहाजं येतात म्हणजे काळ सोळाव्या शतकाचा, आणि दक्षिणेकडची मोठी शहरं तर नवव्या शतकातच ओस पडायला लागली होती. नरबळी मायांकडे होतेच, पण सिनेमातली ती एकामागून एक बळी द्यायची रांग मेक्सिकोतल्या अ‍ॅझ्टेकांच्या जास्त जवळची. ‘टोळी’च्या जागी ‘गावकरी’ लिहा.

तिठा: गावकरीला अनुमोदन. इक्सकानुलमध्ये तर दुभाषाच काक्चिकेल या माया भाषेचं स्पॅनिश करताना मुद्दाम खोटं सांगतो आणि त्या पोरीचं आयुष्य त्यात जातं, तो प्रसंग बघितल्यापासून मी भाषांतरात हयगय सहन करत नाही.

जास्वंद: मग त्यांच्या शेताला, मिल्पाला, काय लिहू? जंगल तोडून जाळायचं, दोन-तीन वर्षं पिकवायचं, मग सोडून द्यायचं. राब चालेल?

पाटीपेन्सिल: नाही नाही, राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात ते. तुम्हाला हवीय ती दळी, रायगडात डोंगरावर नाचणी-वरी करायचे ती.

दगडफूल: आमच्याकडे कुमरी म्हणायचे, दळी मी ऐकलेलंच नाही.

तिठा: कुमरी दक्षिणेकडचा, गोव्यातही कुमेरी म्हणतात. पण मधली वर्षं जमीन सोडतात तिला काय म्हणायचे? आमचे आजोबा ‘पड टाकली’ म्हणायचे, ते डोंगरउतारालाही चालतं का फक्त खालच्या शेताला?

पाटीपेन्सिल: वरकस म्हणताय का?

तिठा: वरकस तर जमिनीचा प्रकार झाला, पड वेगळी. थांबा, आत्याला फोन करून विचारते.