ऑब्जेक्ट ओरिएंटेड परिषदेची पहिली सकाळ: कार्डं आधी की कोड आधी?

अर्धविराम
ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगवर (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेल्या ‘ऑब्जेक्ट’नी प्रोग्रॅम रचण्याची पद्धत) दोन दिवसांची परिषद आहे, १२० जण येणार. पहिली सकाळ माझ्याकडे. नोंदणी ८:१५ पासून. ९ ते ९:४५ बीजभाषण, पुढे तासभर लाइव्ह कोडिंग, पंधरा मिनिटं चहा, ११ ते १२:३० सीआरसी कार्डांचा (एका कार्डावर एक क्लास, म्हणजे ऑब्जेक्टचा साचा, त्याच्या जबाबदाऱ्या आणि मदतीला लागणारे क्लास) गटसराव. प्रश्न तीन: क्रम बरोबर आहे का? गटसरावाला सामान आणि मदतनीस किती लागतील? आणि इनहेरिटन्ससाठी (एका क्लासने दुसऱ्याचं वागणं वारशाने घेणं) प्राणी-पक्षी सोडून काही उदाहरण आहे का?

पॉइंटरपंत
क्रम उलटा करा. आधी कोड दाखवलात की कार्डांवर लोक गेटर-सेटर (माहिती नुसती वाचणाऱ्या-बदलणाऱ्या मेथड) लिहायला लागतात. कार्डांचा उपयोग कोड सुचण्याआधीच असतो. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ च्या ऊप्सला (OOPSLA) या ऑब्जेक्ट ओरिएंटेड परिषदेत ती मांडली, तीही ऑब्जेक्टच्या अंगाने विचार कसा करायचा हे शिकवण्यासाठीच.

पाचाचा गट, म्हणजे २४ गट. गटाला १२ कार्डं धरली तर २८८. खाडाखोड होतेच, ३५० आणा. आकार ४ × ६ इंच. पेन जाड टोकाचं द्या, बॉलपेन नको. जाड पेनाने कार्डावर सहा-सात ओळीच बसतात आणि तीच मर्यादा हवी असते. चार गटांमागे एक मदतनीस, म्हणजे सहा.

विषय ग्रंथालयाचा घ्या. सोपा वाटतो, पण आत एक चांगला खड्डा आहे: बहुतेक गट ‘पुस्तक’ नावाचं एकच कार्ड करतात. मग एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील तर परतीची तारीख कोणाची, असं विचारलं की ‘शीर्षक’ आणि ‘प्रत’ वेगळे होतात, आणि थोड्या वेळाने ‘उसनवारी’ हे तिसरं कार्ड निघतं.

वेळ: १० मिनिटं नियम, १५ कार्डं शोधणं, ३० एक प्रसंग चालवून पाहणं, २० बदललेली गरज, १५ चर्चा. प्रसंग चालवताना ज्या ऑब्जेक्टची पाळी असेल त्याचं कार्ड हातात उचलायचं. काम दुसऱ्याकडे सोपवलं की ते खाली, दुसरं वर. बदललेली गरज म्हणजे ‘सगळ्या प्रती बाहेर असतील तर आरक्षण’. प्रत परत आली की रांगेतल्या पहिल्या सभासदाला कळवायचं कोणी? ‘प्रत’ला रांग माहीत असायचं कारण नाही, रांग शीर्षकाची. इथे वाद होतात. होऊ द्या.

फसतं ते ‘ग्रंथालय व्यवस्थापक’ या कार्डापाशी. ते खचाखच भरलेलं आणि बाकी कार्डं कोरी, असं दिसलं की मदतनीसाने एकच विचारायचं: हे उत्तर द्यायला लागणारी माहिती कोणाकडे आहे? जबाबदारी त्या कार्डावर. डेटाबेसचं नाव काढायला मात्र सरळ बंदी.

मांडणी पहाटेच करा. २४ टेबलं, खुर्च्या तीनच बाजूंना, नाहीतर भाषणाच्या वेळी कित्येकांची पाठ पडद्याकडे येते. चहाच्या पंधरा मिनिटांत टेबलं हलत नाहीत.

शून्यसंदर्भ
क्रमाबद्दल सहमत. ९:४५ पर्यंत उशिरा येणारेही आलेले असतात, गट मोडत नाहीत. मग ११:१५ ला चहा, ११:३० पासून कोड. तासभर कशाला, ४० मिनिटं पुरे.

उदाहरण जावातलं घ्या. हॅशसेट (घटकांचा संच ठेवणारा क्लास) याचा सबक्लास, म्हणजे वारस क्लास, करा, ‘ॲड’ (एक घटक टाकणं) आणि ‘ॲडऑल’ (अनेक टाकणं) दोन्ही ओव्हरराइड करा, म्हणजे आपल्या पद्धतीने पुन्हा लिहा, दोन्हींत मोजणी वाढवा आणि मग सुपरला, म्हणजे मूळ क्लासच्या मेथडला, बोलवा. ॲडऑलने तीन घटक टाका. मोजणी येते ६. कारण हॅशसेटला वारशाने मिळालेलं ॲडऑल आतून प्रत्येक घटकासाठी ॲड बोलावतं, आणि ती हाक आपल्याच ॲडवर येते. लगेच तोच प्रकार ॲरेलिस्टवर (जावातली यादी) करा: ३ येतात, कारण तिचं ॲडऑल ॲडकडे जातच नाही. पॅरेंटचं आतलं वागणं सबक्लासला कसं बांधतं, ते दोन आकड्यांत दिसतं. शेवटी वारसा सोडून सेट फील्डमध्ये ठेवा आणि काम त्याच्याकडे सोपवा (डेलिगेशन), पुन्हा ३. दाखवण्याआधी लोकांकडून आकडा वदवून घ्या, हात वर करून.

तयारीचं: कोडला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी आधीच उतरवून ठेवा आणि वायफाय बंद करून एकदा पूर्ण चालवून बघा. हॉलच्या नेटवर विसंबणं हा जुगार आहे. प्रत्येक टप्प्याला गिट टॅग (कोडच्या त्या अवस्थेची खूण). टायपिंग अडलं की पुढच्या टॅगवर उडी. पांढरी पार्श्वभूमी, अक्षर २४ पॉइंट, आणि शेवटच्या रांगेत बसून सेमीकोलन दिसतो का ते तपासा. नोटिफिकेशन, स्क्रीनसेव्हर, एआय ऑटोकम्प्लीट तिन्ही बंद. ऑटोकम्प्लीट नेमकं उत्तर आधी फोडतं.

रांगेत_उभा
नोंदणीचं कोणी बोललं नाही. ऐंशी जण शेवटच्या २० मिनिटांत येतील असं धरा. माणशी ४० सेकंद म्हणजे ५३ मिनिटांचं काम. तीन टेबलं लागतात. आद्याक्षरं समान वाटू नका, यादीतली नावं समान वाटा. आणि ‘नाव सापडत नाही’वाल्यांना चौथं टेबल, बाजूला.

अर्धविराम
क्रम बदलतो. चौरस हा आयताचा सबक्लास, हे नेहमीचं उदाहरण मग पूर्ण वगळू? आणि बीजभाषणाचं काय?

कंसातला_मी
वगळू नका, पाच मिनिटं द्या, पण नीट. रुंदी ५, मग उंची ४, क्षेत्रफळ २० हवं. चौरस १६ देतो. ‘चौरस आयत नसतो’ असं सांगून थांबतात, ते अर्धवट आहे. सेटर काढून टाका, चौरस बिनतक्रार आयत होतो. अडचण बदलत्या स्थितीची आहे. पॅरेंटच्या जागी सबक्लास ठेवला तरी काही बिघडू नये, हा नियम बार्बरा लिस्कोव्ह यांच्या १९८७ च्या ऊप्सलामधल्या बीजभाषणापर्यंत मागे जातो, तेव्हा तुमच्या वक्त्याला आयता दुवा मिळतो.

भाषांचा इतिहास तीन स्लाइडमध्ये आटपा: ऑस्लोमधलं सिम्युला ६७ (क्लास, सबक्लास, सबक्लासला बदलता येणारी व्हर्च्युअल प्रोसीजर तिथेच आले), झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रातलं स्मॉलटॉक, मग सी प्लस प्लस, ज्याची सुरुवात १९७९ मध्ये ‘सी विथ क्लासेस’ म्हणून झाली. उरलेला वेळ एका ऑब्जेक्टने दुसऱ्याला मेसेज पाठवून काम सांगणे या कल्पनेला द्या, कारण पुढच्याच सत्रात लोक तेच कार्डांनी करणार आहेत. ९:४० ला वक्त्याला पाटी दाखवायला एक माणूस पहिल्या रांगेत बसवा.