काचेच्या केबिन: उजेड हवा, पण आतले बोलणे बाहेर जायला नको

प्रश्न – करसल्लागार, जळगाव

सर्वांना नमस्कार. जळगावात दुसऱ्या मजल्यावर आमचे करसल्लागाराचे कार्यालय आहे. हॉल साधारण १,२०० चौरस फुटांचा असून खिडक्या केवळ पश्चिमेला आहेत. पूर्वीच्या भाडेकरूने त्याच खिडक्यांना लागून प्लायवूडच्या दोन केबिन उभ्या केल्यामुळे मागच्या भागात बसणाऱ्या सहकाऱ्यांना भर दुपारीही दिवे लावून काम करावे लागते. आता हे प्लायवूड काढून टफन (तापवून कणखर केलेल्या) काचेचे पार्टिशन करावे, असा विचार आहे.

अडचण अशी, की आमच्याकडे केळीचे व्यापारी येतात, सराफ येतात, वाटणीच्या हिशेबासाठी भाऊबंदही येतात, आणि आतले बोलणे बाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या कानी पडणे आम्हाला परवडणारे नाही. एका कारागिराने १० ऐवजी १२ मिलिमीटर जाडीची काच घ्या म्हणजे आवाज थांबेल, असे सांगितले आहे. त्यात कितपत तथ्य आहे? जागा भाड्याची असल्याने पुढेमागे काढून नेता येईल, असे काम हवे.

उत्तर – काच व ॲल्युमिनियम कामाचा ठेकेदार, भुसावळ

राम राम भाऊ. १२ मिलिमीटरची काच मजबुतीसाठी घ्यावी, आवाजासाठी नव्हे. उंची दहा फुटांच्या आत असेल आणि वर-खाली यू-चॅनलमध्ये (यू आकाराच्या धातूच्या पट्टीत) काच नीट धरलेली असेल, तर १० मिलिमीटर पुरेशी होते. दरवाजाला मात्र आम्ही १२ चीच लावतो. वजनाचा हिशेबही लक्षात घ्या. १० मिलिमीटरच्या काचेचे वजन चौरस मीटरला २५ किलो भरते, म्हणजे चार बाय नऊ फुटांचा एक पल्ला ८० किलोंच्या पुढे जातो. तो दुसऱ्या मजल्यावर जिन्याने चढवायचा आहे, तेव्हा पल्ल्याची रुंदी ठरवण्याआधी जिन्याचे वळण मोजून घ्या. लिफ्टमध्ये नऊ फुटांची काच बसत नाही.

काच टफन झाल्यावर तिला कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. भट्टीत ६०० अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केल्यामुळे तिच्या पृष्ठभागावर दाब आणि पोटात ताण तयार होतो. त्यामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची होते, पण हा तोल एका ठिकाणी मोडला की अख्खा पल्ला बारीक दाण्यांत विखुरतो. म्हणून फरशी आणि फॉल्स सीलिंग पूर्ण झाल्याशिवाय मापे देऊ नयेत, आणि प्रत्येक पल्ल्याचे माप दोन्ही टोकांना स्वतंत्र घ्यावे, कारण जुन्या इमारतींत स्लॅब क्वचितच पाणसळीत असतो. कुलूप, मुठी, पॅच फिटिंग (काच धरणारे धातूचे तुकडे) यांच्या खाचा कारखान्याला आधीच कळवाव्या लागतात. काच आल्यावर कोपऱ्यावरचा शिक्का पाहा; सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ हे भारतीय मानक आहे.

काढून नेण्याविषयी म्हणाल, तर चॅनल आणि गॅस्केटचे (रबरी पट्टीचे) काम सुटे होते. पण नव्या जागेची उंची एक इंचानेही कमी असली, तर त्या काचा तिथे बसणार नाहीत.

उत्तर – वास्तुविशारद, धुळे

वरील उत्तर कामाच्या दृष्टीने अचूक आहे. मी आवाजाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण प्रश्नाचे मर्म तिथेच आहे.

१० मिलिमीटरची एकेरी काच, सगळ्या बाजूंनी बंद असेल तर, सुमारे ३३ ते ३५ डेसिबल आवाज अडवते. १२ मिलिमीटरमुळे त्यात जेमतेम एक-दीड डेसिबलची भर पडते, आणि तीन डेसिबलपर्यंतचा फरक कानाला फारसा जाणवतही नाही. खरा आवाज काचेतून जात नाही, तो फटींतून जातो. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जरी फट उघडी राहिली, तरी भिंत कशाचीही असो, ती २० डेसिबलच्या वर काही अडवू शकत नाही. फ्लोअर स्प्रिंगवरच्या (फरशीत बसवलेल्या, दार आपोआप मिटवणाऱ्या यंत्रणेवरच्या) बिनचौकटीच्या दरवाजाभोवती साधारण पाच मिलिमीटरची मोकळी जागा ठेवावीच लागते. तीन फुटी दरवाजाच्या चारही बाजूंची ही फट एकत्र केली, तर दहा चौरस मीटरच्या पार्टिशनला २५ डेसिबलच्या आसपास आणून ठेवते. बाहेर बसलेल्या माणसाला तेवढ्यात आकडेसुद्धा ऐकू येतील.

दुसरी गळती छतातून होते. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच थांबवले, तर बोलणे छताच्या पोकळीतून शेजारच्या केबिनमध्ये उतरते. काचेच्या बरोबर वर, फॉल्स सीलिंगपासून स्लॅबपर्यंत, जिप्सम बोर्ड आणि रॉकवूलचा (दगडी तंतूंच्या लोकरीचा) पडदा उभा केलाच पाहिजे. हे काम दिसत नाही, म्हणून दरपत्रकात बहुधा नसते. आपण ते लिहून मागावे.

माझी सूचना अशी, की दोन्ही केबिन एकसारख्या करू नयेत. खासगी बोलणे जिथे होते, ती केबिन खिडकीपासून हलवून आतल्या कोपऱ्यात न्यावी आणि तिच्या भिंती रॉकवूल भरलेल्या जिप्समच्या कराव्यात. त्या ४० डेसिबलच्या पुढे सहज जातात. दरवाजा भरीव लाकडी, चौकटीला रबरी पट्टी आणि तळाला, दार मिटताच खाली उतरणारी सील असलेला घ्यावा. हवी तर एका बाजूला लॅमिनेटेड काचेची उभी पट्टी ठेवावी. तिच्या दोन काचांमधला पीव्हीबी या प्लास्टिकचा थर कंप शोषतो, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा ती आवाज बरा अडवते. लॅमिनेटेड काचेला आंबूस वासाचे सिलिकॉन लावू देऊ नये, त्याने कडेचा थर खराब होतो. न्यूट्रल सिलिकॉन वापरावे. खिडकीलगतची दुसरी केबिन मात्र खुशाल पूर्ण काचेची करावी. उजेड त्याच रेषेवर अडला आहे.

एक गोष्ट प्रश्नात आलेली नाही. पश्चिमेच्या खिडकीमागचे प्लायवूड निघाले, की दुपारचे ऊनही थेट हॉलमध्ये येईल. साधी पारदर्शक काच उजेडाबरोबर उष्णताही आत सोडते, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो तेव्हा त्याचा भार एसीवर पडतो. ऊन खिडकीच्या बाहेरच छज्जा किंवा जाळीने अडवावे. आतला पडदा तापून ती उष्णता खोलीतच सोडतो.

उत्तर – वकील, अमळनेर

आमच्या कार्यालयात साडेतीन फुटांपर्यंत भरीव भिंत आणि त्यावर काच अशी रचना आहे, आणि मी तीच सुचवेन. पूर्ण काचेत वायरी, फायलींचे गठ्ठे, पायाशी ठेवलेल्या पिशव्या असे सगळेच दिसते. शिवाय दिवसभर चहूबाजूंनी नजरेत राहून बसणे आमच्या महिला सहकाऱ्यांना अवघड वाटत होते, हे सांगितले पाहिजे. पूर्ण काच केलीच, तर डोळ्यांच्या उंचीवर फ्रॉस्टेड फिल्मची रुंद पट्टी लावा. प्रथमच येणारी माणसे स्वच्छ काचेवर आदळतात, वयस्कर अधिक. आपल्याकडची धूळ आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग यांचीही तयारी ठेवा. पुसणाऱ्याच्या हातात साध्या पाण्याची बादली देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे आभार. दोन वेगळ्या केबिनांची सूचना पटली, आणि छतावरच्या पडद्याचे काम दरपत्रकात खरोखरच नाही. एकच शंका उरते. वीज गेल्यावर आम्ही खिडक्या उघडून बसतो. खिडकीलगतची केबिन स्लॅबपर्यंत काचेने बंद केली, तर मागच्या लोकांना वारा कुठून मिळणार?

उत्तर – वास्तुविशारद, धुळे

त्या केबिनमध्ये खासगी बोलणे होणार नसेल, तर तिला स्लॅबपर्यंत बंद करण्याचे कारणच नाही. काच सात फुटांवर थांबवावी आणि वरचा भाग मोकळा ठेवावा. वरचे टोक सुटे राहत असल्याने तिथे ॲल्युमिनियमचा आडवा पाइप घेऊन तो दोन्ही बाजूंच्या भिंतींत पक्का करावा लागेल, आणि काच १२ मिलिमीटरची घ्यावी लागेल. या केबिनचा एसी मग हॉलच्या एसीत धरावा, स्वतंत्र बसवू नये. आतल्या जिप्समच्या केबिनला वारा मिळणार नाही. तिथला पंखा आणि दिवा इन्व्हर्टरवर घ्या.