सल्ला हवा: 'फ्लॅश गॉर्डन' (१९८०) नव्या प्रेक्षकांना कसा दाखवावा?

प्रश्न
१९८०चा 'फ्लॅश गॉर्डन' हा विज्ञानकथा सिनेमा मित्रमंडळींना दाखवायचा आहे. सगळे आजच्या व्हीएफएक्सला सरावलेले, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांतच मोबाइल बाहेर निघतील अशी धास्ती वाटते. प्रत कुठली घ्यावी, टीव्हीवर काय बदलावं, आधी काय सांगावं? सोबत दहा-अकरा वर्षांची मुलंही असतील.

प्रतिसाद १
२०२०ची फोर-के प्रत मिळवा. हा सिनेमा रंगांवर उभा आहे. सेट आणि कपडे दोन्ही डॅनिलो दोनाती यांचे, छायाचित्रण गिल्बर्ट टेलर यांचं (१९७७च्या 'स्टार वॉर्स'चंही त्यांचंच). फिकट पडलेल्या प्रतीत लाल-सोनेरी दरबार मातकट दिसतो आणि अर्धी मजा तिथेच जाते.

चौकट २.३९:१ (रुंदी:उंची) आहे. वरखाली काळ्या पट्ट्या दिसल्या तरी झूम करू नका, नाहीतर पंख असलेल्या योद्ध्यांच्या (हॉकमेन) हल्ल्यात कडेचे योद्धे कापले जातात. व्हिव्हिड मोड बंद करून फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड लावा. व्हिव्हिडमध्ये लाल इतका भडकतो की कपड्यांवरची बारीक कलाकुसर दिसतच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोशन स्मूदिंग बंद हवं. पंखवाले तारांवर लटकवून वेगळे चित्रित केले आणि मग आकाशावर बसवले. टीव्हीने मध्ये कृत्रिम फ्रेम घातल्या की माणूस आणि आकाश वेगळे सुटून दिसतात आणि लोक नेमके तिथेच हसतात. ते आकाश मात्र निवांत बघा: पाण्याच्या टाकीत रंग सोडून केलेले ढग आहेत ते.

प्रतिसाद २
आवाजाचं मी सांगतो. संगीत देणाऱ्या क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे ड्रम आणि गिटार जोरात आहेत, त्यामानाने संवाद दबतात. सेंटर स्पीकर असेल तर तो २-३ डेसिबलने वाढवा, नसेल तर सबटायटल्स लावा. नाइट मोड नको. तो मोठे आवाज दाबतो आणि हल्ल्याच्या प्रसंगातलं संगीत सपाट होतं. लग्नाच्या प्रसंगी क्वीनचे गिटारवादक ब्रायन मे यांनी गिटारवर वाजवलेली लग्नाची धून मुद्दाम ऐकवा. वाद्यवृंदाचं संगीत हॉवर्ड ब्लेक यांचं आहे.

प्रतिसाद ३
"वाईट आहे म्हणून मजा येते" अशी ओळख कृपया करून देऊ नका, लोक चुकाच शोधत बसतात. हा भडकपणा ठरवून केलेला आहे. पटकथाकार लोरेन्झो सेंपल ज्युनियर यांनीच १९६०च्या दशकातली 'बॅटमॅन' मालिका घडवली होती. अ‍ॅलेक्स रेमंड यांची १९३४ची चित्रपट्टी (कॉमिक स्ट्रिप) पडद्यावर हलती करायची, एवढंच आधी सांगा. 'स्टार वॉर्स'नंतर लगेच लावू नका, तुलना अटळ होते. खरं तर जॉर्ज लुकास यांना आधी 'फ्लॅश गॉर्डन'च करायचा होता. हक्क मिळाले नाहीत म्हणून त्यांनी स्वतःचं विश्व रचलं.

मॅक्स फॉन सिडो यांनी साकारलेला मिंग, म्हणजे मोंगो ग्रहाचा क्रूर सम्राट, बघताना कळतं की सिनेमा का टिकला. एकही संवाद ते थट्टेत म्हणत नाहीत. दरबारातल्या मारामारीत फ्लॅश, जो मुळात अमेरिकन फुटबॉलपटू आहे, धातूचा गोळा अमेरिकन फुटबॉलसारखा काखेत धरून पहारेकऱ्यांना उडवतो आणि शेवटी त्याच्यासोबत आलेल्या शास्त्रज्ञ झारकॉव्हनेच फेकलेला गोळा डोक्याला लागून आडवा होतो. अतर्क्य आहे, पण मोंगोवर तो काय घेऊन आलाय ते त्यात चोख कळतं.

माझ्या मते सर्वोत्तम प्रसंग मात्र कलत्या तबकडीवरच्या, फ्लॅश आणि मोंगोचा राजपुत्र बॅरिन यांच्या द्वंद्वाचा. हातात चाबूक, खालून उसळणारे सुळे, कडेपलीकडे पोकळी. बॅरिन कडेवरून सुटायला लागतो तेव्हा फ्लॅश त्याला वर ओढतो. तिथून बॅरिन मित्र होतो, म्हणजे कथाही इथेच वळते. हा प्रसंग चालू असताना चहा-पाण्यासाठी थांबवू नका.

प्रश्नकर्ता
फार उपयोगी. मुलांचं काय?

प्रतिसाद ४
त्याच तबकडीवर मिंगचा हस्तक क्लायटसचा मृत्यू आहे, डोळे बाहेर येतात. शिवाय मिंगची मुलगी ऑराला चाबकाने मारण्याचा प्रसंग आणि काही कामुक सूचक संवाद आहेत. एकदा स्वतः बघून ठरवा. दहा-अकराच्या मुलांना मी शेजारी बसवून दाखवेन, त्याहून लहानांना नाही. मिंगची रंगभूषा आशियाई लोकांविषयीच्या जुन्या वांशिक साच्यातून आली आहे. मुलांनी विचारलं तर सरळ तसं सांगा, टाळू नका.

आणि शेवटी फ्लॅशची उडी पडद्यावर गोठली की रिमोटला हात लावू नका. त्यानंतर एक हात येऊन मिंगची अंगठी उचलतो. ऑटोप्ले आधीच बंद ठेवा, नाहीतर श्रेयनामावलीवरचं क्वीनचं गाणं अर्ध्यात तुटतं.