फायबर होडीचा ट्रान्सम कुजलाय: प्लाय बदलताना काय, किती आणि कुठल्या क्रमाने?

देवगड_खाडी

होडी १८ फुटी, फायबरची, उघडी. ट्रान्सम, म्हणजे मोटर बसते ती मागची भिंत (आत प्लाय, दोन्ही बाजूंना फायबरची कातडी), १५०० मिमी रुंद, बाजूंना ६०० मिमी उंच. मोटर बसते त्या खाचेत उंची ५०८ मिमी, म्हणजे लाँग शाफ्टची. सध्या २५ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक मोटर आहे, पुढे ४० ची फोर-स्ट्रोक लावायची आहे.

मोटर वर उचलून तिच्या खालच्या टोकावर वजन टाकलं की ट्रान्सम डोळ्यांना दिसेल एवढा वाकतो. खाचेखाली आणि पाणी सोडायच्या भोकाभोवती हातोडी मारली तर बद्द आवाज येतो, कडेला मात्र खणखणीत. आतल्या बाजूने ६ मिमीचं भोक पाडलं तर काळा, ओला भुसा निघाला. बाहेरची फायबरची कातडी साधारण ६ मिमी जाड आहे, तिला तडे नाहीत.

विचारायचं ते असं. काम आतून करावं की बाहेरून? साधं जीपी (पॉलिएस्टर) रेझिन चालेल की इपॉक्सीच हवं? प्लायऐवजी सागाची अखंड फळी घाल असं काही जण सांगतात, ते बरोबर आहे का? आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात हे काम उरकता येईल का?

---

फायबर_सुतार

बाहेरची कातडी शाबूत आहे, तेव्हा आतूनच करा. बाहेरून केलं तर जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर) आणि होडीचा आकार दोन्ही पुन्हा जुळवत बसावं लागतं, शिवाय बाहेरचा सांधा कायम पाण्याखाली राहतो. आतल्या बाजूला बंद डेक किंवा मोटरची टाकी असेल आणि हातच पोचत नसेल, तरच बाहेरचा मार्ग धरावा.

कापायच्या आधी होडी सपाट बसवा. ट्रान्समच्या अगदी जवळ, तळाच्या दोन्ही बाजूंना आधार हवा. आतली फळी निघाली की मागचा भाग लुळा पडतो, आणि त्या अवस्थेत तळ दबला तर नवा ट्रान्सम त्याच वाकड्या आकारात पक्का होतो. वरच्या दोन कडांमध्ये एक आडवी रीप ठोका आणि दोन्ही कर्णांची मापं बाजूलाच लिहून ठेवा. जुनी फळी निघताना तुकडे होणारच, म्हणून आतल्या बाजूचा पुठ्ठ्याचा साचा आधीच काढा. मोटरच्या बोल्टची भोकं आणि होडीची मध्यरेषा त्यावर आखून घ्या.

आतली कातडी कोपऱ्यापासून २५ ते ३० मिमी आत कापा. ग्राइंडरचं पातं थेट कोपऱ्यात घातलं तर होडीच्या बाजूलाच चीर पडते. पात्याची खोली ५-६ मिमीच ठेवा. कातडी सोलून निघाली की प्लाय छिन्नीने काढा. कुजलेला भाग हातानेच निघतो, पण कडेचा चांगला भाग बाहेरच्या कातडीला घट्ट चिकटलेला असतो. तो पहारीने उचकटू नका, कातडी फुटते. छिन्नी आडवी धरून थर-थर काढा आणि शेवटचे २-३ मिमी ४० नंबरच्या सँडिंग डिस्कने घासा. सगळं लाकूड गेलंच पाहिजे. "एवढा कोपरा कोरडा वाटतोय" म्हणून ठेवलेला तुकडा नव्या प्लायलाही कूज लावू शकतो.

कोपऱ्यात उरलेली पट्टी घासून बाजूशी सपाट करा, आणि होडीच्या दोन्ही बाजू व तळ आतून २५० मिमीपर्यंत घासून घ्या. नवी मॅट (काचतंतूंची चादर) तिथे चढायची आहे. पृष्ठभाग चकचकीत राहिला तर पकड येत नाही. फायबरची धूळ फुप्फुसात जाते, त्यामुळे रुमाल बांधून भागणार नाही. पी१०० किंवा पी३ फिल्टरचा मास्क लावा.

---

लॅमिनेट_मालवण

आता सामानाचं बघू. तुमच्या ट्रान्समचं क्षेत्रफळ सुमारे ०.९ चौ.मी. आहे. त्यात १८ मिमीचे दोन थर, म्हणजे १.८ चौ.मी. प्लाय. ८ बाय ४ फुटांच्या एका शीटमध्ये हे बसतं आणि मोटरच्या दोन्ही अंगांना आधाराचे त्रिकोण लागतात, त्यांच्यापुरता तुकडाही उरतो. शीटवर आयएस ७१० (मरीन प्लायचं मानक) चा शिक्का बघूनच घ्या. दुकानात "वॉटरप्रूफ" म्हणून आयएस ३०३ चा प्लायही देतात, तो फर्निचरचा. कापलेल्या कडेकडे नीट बघा. आतल्या थरात पोकळी दिसली तर ते शीट परत करा, कारण पाणी त्या पोकळीतूनच लांबवर पसरतं.

सागाची अखंड फळी नको. साग टिकाऊ आहे यात वाद नाही, पण अखंड लाकूड रुंदीत फुगतं-आकसतं आणि फायबर त्याच्याबरोबर हलत नाही. काही हंगामांत कातडी सुटते किंवा सांध्यावर बारीक तडा जातो, आणि पाणी आत शिरायला तेवढं पुरतं. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असल्यामुळे ही हालचाल नगण्य असते.

वरच्या कडेमुळे अख्खी फळी आत जात नसेल तर प्रत्येक थर दोन तुकड्यांत करा. पण पहिल्या थराचा सांधा डावीकडे आला तर दुसऱ्याचा उजवीकडे घ्या, दोघांत निदान ३०० मिमी अंतर ठेवा, आणि मोटरच्या मागे एकही सांधा येऊ देऊ नका. प्लायच्या कडा होडीला टेकवायच्या नाहीत. चहूबाजूंनी ५ मिमी फट सोडा, ती पुट्टीने भरायची.

जीपी रेझिनने करायचं तर हिशोब असा. प्लाय आणि बाहेरच्या कातडीमध्ये ४५० ग्रॅमच्या (चौ.मी.ला) मॅटचा एक थर, दोन प्लायमध्ये एक. आतल्या तोंडावर मॅट, रोव्हिंग (काचतंतूंचं विणलेलं कापड), मॅट, रोव्हिंग, मॅट, मॅट: म्हणजे ४५० ची मॅट चार थर आणि ६०० ग्रॅमची रोव्हिंग दोन थर. जाडी ५ ते ६ मिमी होते. कोपऱ्यांवरून बाजूला चढणाऱ्या पट्ट्या धरून मॅट साडेतीन किलो, रोव्हिंग पावणेदोन किलो लागते. मॅटच्या वजनाच्या सव्वादोन पट आणि रोव्हिंगच्या वजनाइतकं किंवा किंचित जास्त रेझिन धरा. पुट्टी आणि प्लायवरचे हात मिळून एकूण १५ किलोच्या आसपास. २० किलो आणून ठेवा, काम अर्धवट असताना डबा संपला तर सांधा वाया जातो.

हार्डनर, म्हणजे एमईकेपी, किलोमागे १० ते २० मिली. १० च्या खाली जाऊ नका. कमी हार्डनरचं रेझिन वरून कडक दिसतं, आतून कायम मऊ राहतं. उन्हाळ्यात आधी वाटीभर मिश्रण करून किती वेळात जमतंय ते बघा, आणि मग एका वेळी किलोपेक्षा जास्त कालवू नका. कोबाल्ट (रेझिन लवकर जमवणारं द्रव) वेगळा मिळत असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, हार्डनर नंतर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत. पेट घेतो, स्फोटही होतो. दोघांसाठी माप आणि काठी वेगळी ठेवा. हार्डनर कालवताना चष्मा हवाच, डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

---

देवगड_खाडी

हिशोबाबद्दल आभार. दोन गोष्टी अजून स्पष्ट नाहीत. प्लाय चिकटवताना दाब कसा द्यायचा? आणि बाहेरची कातडी पातळ आहे, शिकंजे लावले तर ती आत ओढली जाऊन ट्रान्सम खोलगट होणार नाही का?

---

फायबर_सुतार

होतो, म्हणून शिकंज्याचं तोंड कातडीवर थेट टेकवायचं नाही. बाहेरून ७५ बाय ५० मिमीच्या दोन-तीन सरळ रिपा आडव्या लावा, आतूनही तशाच. मधल्या भागात शिकंजा पोचत नाही, तिथे मोटरच्या जुन्या भोकांतून १२ मिमीचे आटेवाले रॉड घाला. रॉडला मेण लावा नाहीतर प्लास्टिकची टेप गुंडाळा, नाहीतर तेही कायमचे तिथेच राहतील. ट्रान्सम मुळातच बाहेर फुगीर असेल तर १८ चे दोन घेण्यापेक्षा १२ चे तीन थर घ्या, ते आकाराला वळतात.

आधी सगळं कोरडं लावून बघा. मगच प्लायला रेझिनचे हात द्या. पहिल्या हातात दहा टक्के स्टायरीन (पॉलिएस्टर रेझिन पातळ करायचं द्रव) मिसळून पातळ करा म्हणजे मुरतं, कडांना निदान तीन हात. पुट्टी रेझिन, एरोसिल (रेझिन घट्ट करणारी सिलिकाची पूड) आणि कापलेल्या काचतंतूंची, चक्क्याइतकी घट्ट. नुसत्या एरोसिलची पुट्टी जमल्यावर ठिसूळ होते. कातडीला ओली मॅट लावा, प्लायवर दातेरी पत्र्याने पुट्टी पसरवा आणि प्लाय मध्यापासून कडेकडे दाबत बसवा म्हणजे हवा बाहेर निघते. चारही कडांतून पुट्टी सारखी बाहेर आली की दाब थांबवा. त्यापुढे आवळत गेलात तर सगळी पुट्टी पिळून निघते आणि सांधा कोरडा राहतो. बरेच ट्रान्सम इथेच बिघडतात.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यांत निदान २० मिमी त्रिज्येची गोलाई पुट्टीने भरा. काटकोनात मॅट बसत नाही, मागे हवा राहते. गोलाई ओली-चिकट असतानाच पट्ट्या चढवा: पहिली बाजूवर १०० मिमी जाणारी, पुढची १५०, मग २००. सगळ्या एकाच रेषेत संपवल्या तर तिथेच तडा जातो.

---

इपॉक्सीप्रेमी

इथे मी थोडा वेगळा सल्ला देईन. पॉलिएस्टरची लाकडावरची आणि जुन्या फायबरवरची पकड इपॉक्सीपेक्षा कमीच असते. कारखान्यात ओल्यावर ओलं चढतं म्हणून भागतं, दुरुस्तीत तसं नसतं. ४० ची फोर-स्ट्रोक शंभर किलोच्या आसपास भरते, त्यामुळे बजेट असेल तर इपॉक्सीच वापरा. मात्र साधी चॉप्ड मॅट, म्हणजे वर सांगितलेली ४५० ची, त्यात चालत नाही. तिचा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळण्यासाठी असतो, इपॉक्सीत मॅट ताठच राहते. बायअ‍ॅक्सियल (दोन दिशांना तंतू असलेलं) कापड किंवा रोव्हिंग घ्या. हार्डनर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणातच, लवकर वाळावं म्हणून वाढवायचा नाही. दोन थरांमध्ये दिवस गेला तर पृष्ठभागावर मेणासारखा चिकट पापुद्रा येतो, तो पाण्याने आणि घासणीने धुवा, मग घासा.

एकदा इपॉक्सी लावलं की त्यावर पॉलिएस्टर नको, जेलकोटही नको. वरून दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग द्या. इपॉक्सी परवडत नसेल तर लॅमिनेट_मालवण यांची पद्धत पूर्ण पाळा, पण दोन्हींची खिचडी करू नका.

---

लॅमिनेट_मालवण

पकडीबद्दल सहमत. पॉलिएस्टर निवडलं तर घासणं आणि मधला मॅटचा थर यांत हयगय चालणार नाही.

जून-जुलैबद्दल: टाळा. बंदीचे दोन महिने मोकळे असतात म्हणून बरेच जण तेव्हाच हे काम काढतात, पण कोकणात तेव्हा हवेतली आर्द्रता सर्वाधिक असते. प्लाय हवेतूनच ओल धरतो आणि तुम्ही ती ओल आत बंद करता. लाकडातली आर्द्रता १२ टक्क्यांच्या आसपास हवी, २० च्या वर कुजणं सुरू होऊ शकतं. मे महिन्यात कापाकापी आणि प्लाय बसवणं पूर्ण करा. रंग, फिटिंग आणि मोटर बंदीच्या काळात. मे हुकला तर दिवाळीनंतर. कुजलेला ट्रान्सम घेऊन मात्र बाहेर खोल समुद्रात जाऊ नका.

लाकूड कुजवतं ते मुख्यतः पावसाचं गोडं पाणी, समुद्राचं खारं तेवढं नाही. किनाऱ्यावर ओढलेली होडी सरळ उभी राहते, पाऊस आत साचतो आणि पाणी सोडायच्या भोकातून थेट प्लायमध्ये मुरतं. पावसाळ्यात नाळ (होडीचं पुढचं टोक) उंच ठेवा, बूच काढून ठेवा, ट्रान्समच्या वरच्या कडेवर ताडपत्री टाका.

---

फायबर_सुतार

मोटर वाढवताय म्हणून एक गोष्ट जोडतो. आधी होडीच्या पाटीवर किंवा कागदपत्रांत कमाल अश्वशक्ती बघा. ४० त्यात बसत नसेल तर ट्रान्सम कितीही मजबूत केला तरी तळ आणि स्ट्रिंगर (तळातले लांब उभे पाट) तो भार घेणार नाहीत. बसत असेल तर मोटरच्या दोन्ही अंगांना त्रिकोणी आधार द्या, दुहेरी १८ मिमी प्लायचे, उंची साधारण ३५० आणि तळाला लांबी ४०० मिमी, शक्यतो स्ट्रिंगरच्या रेषेत. मोटरचा धक्का ट्रान्सममधून स्ट्रिंगरमध्ये उतरायला हवा. नुसता जाड ट्रान्सम कोपऱ्यांतल्या पट्ट्या फाडतो.

नव्या ट्रान्समची जाडी ५० मिमीच्या आसपास जाईल. नव्या मोटरच्या ब्रॅकेटचं तोंड किती उघडतं ते प्लाय घ्यायच्या आधी मोजा.

आणि भोकं. १२ मिमीच्या बोल्टसाठी आधी २० मिमीचं भोक पाडा, मागून टेप लावून घट्ट इपॉक्सी पुट्टीने पूर्ण भरा, ती पक्की झाल्यावर मधोमध १२ चं पाडा. आता बोल्टभोवती लाकूड उरत नाही, पाणी आलं तरी प्लायला लागत नाही. पाणी सोडायच्या भोकालाही हेच करा, मग पितळी नळी बसवा. फिश-फाइंडरचा सेन्सर आणि शिडीचे स्क्रू तर सरळ ट्रान्सममध्ये पिळायचेच नाहीत. बाहेरून प्लास्टिकची जाड पाटी चिकटवा आणि स्क्रू तिच्यातच थांबतील एवढे आखूड घ्या. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, आतून रुंद वॉशर, सीलंट पॉलियुरेथेनचं, सिलिकॉन नको. भोकाचं तोंड बाहेरून थोडं उतरतं करा म्हणजे सीलंटची कडी तिथे बसते.

रेझिन पूर्ण पक्कं व्हायला आठवडा द्या, मग मोटर चढवा. बोल्ट दोन टप्प्यांत आवळा: आधी सीलंट जेमतेम बाहेर येईपर्यंत, ते सुकल्यावर पूर्ण.